ज्याच्या हाकेला मान वळेल

उन्हाळा आला हे मला डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं. तापलेल्या काळ्या दगडावर पाणी पडलं की जो वास उठतो, तो मातीचा वास नव्हे. मातीचा वास लोकांना आवडतो, त्याची अत्तरं निघाली आहेत. दगडाच्या वासात वाळलेलं शेण असतं, कडब्याचा भुसा असतो, जनावराच्या तोंडाची लाळ असते. या वर्षी चैत्र अर्धा सरला असेल. पाच दिवसांनी गल्लीत नळ आला. शेजारच्या सूनबाईनं पिंपातलं शिळं पाणी दारातल्या पायरीवर ओतलं आणि माझ्या हातातली बशी हातातच राहिली.

"आबा, चहा गार झाला की," ती म्हणाली.

"होऊ दे. ऊन लई हाय."

ऊन होतंच. सोलापूरचं ऊन सकाळी नवालाच पाठीवर हात ठेवतं आणि दिवस बुडेपर्यंत काढत नाही. पण मी उन्हामुळं गप्प झालो नव्हतो. मला कोंडवाडा दिसला होता.

जुन्या गावाच्या कडेला ती इमारत अजून उभी आहे. इंग्रजांच्या वेळची, काळ्या दगडाची, तीन कमानींची. आत लांब पडवी, पडवीत भिंतीला लोखंडी कड्या, मधे दगडी हौद आणि समोर दोन माणसं लागतील असं फाटक. दुसऱ्याच्या पिकात घुसलेलं, रस्त्यात बसलेलं, मोकाट फिरणारं जनावर हितं आणून कोंडायचं. मालकानं यायचं, दंड भरायचा, जनावर न्यायचं. सात दिवसांत कोणी आलं नाही तर आठव्या दिवशी लिलाव. एवढाच कायदा. त्या फाटकावर मी जवान वयात राखणदार म्हणून उभा राहिलो, तो केस पांढरे झाल्यावरच हललो. शाळा माझी चौथीपर्यंत. पुढचं लिहिणं मला फाटकावरच्या वहीनं शिकवलं. 'बैल, पांढरा, उजव्या कानाला चीर.' 'गाय, तांबडी, शेपूट अर्धं.' बघितलं तेवढंच लिहायचं, जास्त एक शब्द नाही. आजही मला तसंच लिहिता येतं.

पुढं गावात जनावरं कमी झाली, गाड्या वाढल्या, कोंडवाड्याला कुलूप लागलं. कमानीत पिंपळ उगवला. मग काही नाटकवाल्या पोरांनी ती जागा मागून घेतली. पिंपळ काढला, दगड घासले, पडवीत पायऱ्या-पायऱ्यांची बैठक केली, सत्तर माणसं बसतील एवढी. कमानींना काळे पडदे लावले. आता तिथं नाटकं होतात. कंपनीची नाहीत, मोठ्या नटांची नाहीत. ही पोरं दिवसा चिंचोळीच्या कारखान्यात नाहीतर बँकेत कामाला जातात आणि शनिवारी नाटक करतात. त्या पोरांत माझी नात आहे, अश्विनी. आम्ही तिला आशू म्हणतो. नाटक लिहिते ती आणि बसवतेही तीच.

या चैत्रात ती म्हणाली, "आबा, तुमी यायचंच. तुमच्या जागेवरचं नाटक हाय. तुमची गोष्ट घेतलीय त्यात."

"कुठली?"

"नाव विसरलेल्या बाईची."

नवा सदरा काढून ठेव म्हणालो.

नाव विसरलेल्या बाईची गोष्ट आमच्या घरात पन्नास वर्षं हसून सांगितली गेली. बारशात सांगितली, लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवात सांगितली, पाहुणे कंटाळले की सांगितली. सांगणारा मीच. बाई आपला बैल सोडवायला येते आणि तिला बैलाचं नावच आठवत नाही, अशी ती गोष्ट. मी बाईसारखा पदर ओढून दाखवायचो, बैलासारखी मान हलवायचो. पोरं लोळायची. आशू सातवीत असताना माझ्या मांडीवर डोकं ठेवून इतकी हसली की तिला ठसका लागला होता.

ती गोष्ट बहात्तरच्या दुष्काळातली. त्या उन्हाळ्याचं आभाळ निळं नव्हतंच. ते पांढरं होतं, चुना लावलेल्या भिंतीसारखं. विहिरींच्या तळाला माणसं दोरीनं उतरायची आणि वाटीनं पाणी भरायची. लिंबाच्या झाडाला पाला राहिला नव्हता, हाताला लागेल तेवढा शेळ्यांनी खाल्ला आणि वरचा माणसांनी काढून बैलांना घातला. दुपारी रस्त्यावरून कोणी चाललं तर त्याच्या वहाणांचा आवाज दोन गल्ल्यांपलीकडं ऐकू यायचा, इतकं सगळं गप्प. कुत्रीसुद्धा भुंकायची नाहीत. खडी फोडण्याचा आवाज मात्र सगळीकडं. गावाबाहेर जावं तिकडं माणसं ओळीनं बसून खडी फोडत होती.

आणि कोंडवाड्यात मात्र पाणी होतं. दोन दिवसांनी टँकर यायचा, हौद भरायचा. सरकारी कडबा होता. थोडा होता, काळा पडलेला होता, पण होता. लोकांना ते कळायला किती वेळ लागणार? पहाटे फाटक उघडायला जावं तर बाहेर जनावरं उभी. कोणाच्या गळ्यात दावं नाही, कासरा नाही. मालकांनी आपल्या हातानं सोडलेली. सहा दिवस सरकारचं खाईल, सरकारचं पिईल, सातव्या दिवशी दंड भरून घेऊन जाऊ, असा हिशेब. मंद्रूपकडून, अक्कलकोटकडून, कुठून कुठून रात्रभर चालवत आणायचे आणि अंधारात सोडून परत जायचे. जाताना मागं वळून बघत नसत म्हणे. बघितलं तर जनावर मागं येतं.

मला त्या माणसांचा राग यायचा. आज वाटतं, राग कशाचा? पण यायचा. मला वाटायचं, मला फसवतात.

त्यात एकानं मला खरोखर फसवलं. डोळ्यांत पाणी आणून एक गाय घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी गायीचा खरा मालक आला. साहेबांनी मला सगळ्या लोकांसमोर फाटकात उभं केलं. म्हणाले, "तुझ्यापेक्षा गाय शहाणी. तिला विचारायचं होतंस." लोक हसले. चोविसाव्या वर्षी पन्नास माणसं आपल्याला हसतात तेव्हा अंगावरचा खाकी सदरा केवढा जड होतो ते मला विचारा.

त्याच रात्री मी ठरवलं, जनावरालाच विचारायचं. दुसऱ्या दिवसापासून माझा कायदा सुरू झाला. मालकानं फाटकाबाहेर उभं राहायचं. जनावराला नाव घेऊन हाक मारायची. तीन हाका. ज्याच्या हाकेला मान वळेल, जनावर त्याचं. नाही वळली तर नाही. रडायचं काम नाही, शपथ घ्यायचं काम नाही.

हा कायदा कुठल्या कागदात नव्हता, पण लोकांना तो पटला. इतका पटला की बघायला गर्दी व्हायची. दुष्काळात दुसरी करमणूक काय होती? एका म्हाताऱ्यानं "चंद्री" म्हणून हाक मारली तर पन्नास जनावरांतून एक म्हैस रेटत रेटत आली आणि फाटकाच्या गजांतून त्याचा हात चाटायला लागली. माणसं रडली. साहेबसुद्धा एकदा बघायला आले, पाठीवर थाप मारून गेले. मी फाटकावर असा उभा राहायला लागलो की जसा काही न्यायाधीश. खोटं कशाला सांगू, तसं उभं राहणं मला आवडायचं.

शनिवारी नाटकाला गेलो. फाटक तेच होतं, रंग नवा होता. माझं स्टूल जिथं असायचं तिथं चहाचं टेबल. हौदात पाणी नव्हतं, त्यात माती भरून कसलीशी फुलझाडं लावली होती. कूलर घरघरत होते. कूलरच्या पाण्याचा वास आणि दगडाचा वास, दोन्ही मिसळून माझ्याकडं आले. आशूनं मला पहिल्या पायरीवर बसवलं. मी बसलो ती जागा मला ठाऊक होती. भिंतीत तिसरी कडी. पाठीला ती टोचत होती. मी सरकलो नाही.

अंधार झाला, उजेड आला, नाटक सुरू झालं. इमारतीतले वेगवेगळे प्रसंग होते. चांगलं करत होती पोरं. मग आमचा प्रसंग आला. समीर नावाचा मुलगा माझं काम करत होता. मोठ्या मिशा लावल्या होत्या त्यानं. मला मिशा कधी नव्हत्या. बैल म्हणजे दोन पोरं एका चादरीखाली. आणि बाईचं काम करणारी मुलगी वैष्णवी. तिचं घर पूर्व भागातलं, तेलुगू बोलणारं, घरात माग. नऊवारी नेसली होती. फाटकाच्या गजांना धरून ती म्हणाली, "बंड्या?" चादरीखालचा बैल ढिम्म. "गुंड्या?" ढिम्म. "अगं बाई, काय बरं याचं नाव? खंड्या? धोंड्या?" प्रत्येक नावाला बैल मान नाही-नाही करून हलवायचा. लोक हसून खाली वाकत होते. समीर मिशीला पीळ देऊन म्हणाला, "बाई, तू बैलाचं नाव विसरलीस, बैल तुझं विसरला. आता घरी जा आणि नवऱ्याचं तरी नाव आठव!"

हे शेवटचं वाक्य माझं होतं. मी घातलं होतं ते गोष्टीत, केव्हातरी, लोक जास्त हसावेत म्हणून.

हशा झाला तो दगडांवर आपटून परत आला. फाटकाबाहेर लोक हसायचे, पण आत पडवीत मी कधी हसणं ऐकलं नव्हतं. हंबरणं ऐकलं होतं.

बहात्तरात ती खरी बाई आली तेव्हा दुपार होती. दोन दिवसांनी टँकर आला होता, हौद नुकता भरला होता आणि एकूण एक जनावराचं तोंड पाण्यात. आवाज फक्त पिण्याचा. बाई तिशीच्या आत. कपाळाला विभूती, गळ्यात लिंगाची चौकोनी पेटी. मंद्रूपच्या बाजूच्या एका वस्तीवरून चालत आली होती. पायाला चिंध्या बांधल्या होत्या, रस्ता तापलेला म्हणून.

"अण्णा, बैल न्यायला आलेय. पांढरा हाय. उजव्या कानाला चीर हाय."

वर्णन बरोबर होतं. वहीत तेच होतं. सातवा दिवस होता. दंड पदराच्या गाठीत आणला होता. मी विचारलं, "मालक कुठाय?"

"मंगळवेढ्याकडं गेलेत. खडी फोडाया."

"मग तू मार हाक. नाव घेऊन. तीन हाका."

ती गजांजवळ गेली. जिभेनं टकटक असा आवाज केला. "बा, बा," म्हणाली. कानडीत ये, ये. पांढरा बैल पाणी पीत होता. त्याचं तोंड निघालं नाही.

"अशानं न्हाई. नाव घे."

ती गप्प.

"नाव ठाव न्हाई का बैलाचं?"

"ठाव हाय की."

"मग घे."

तिनं पदर दातांत धरला. मानेनं नाही म्हणाली. गर्दीतून एक हसला. म्हणाला, "राखणदार, बाईनं रस्त्यात बैल बघितला अन् आवडला वाटतं!" लोक हसले. मला बरं वाटलं. लोक हसत होते आणि या वेळी मला हसत नव्हते.

गर्दीत एक म्हातारी होती, डोक्यावर गवऱ्यांची पाटी. ती पुढं आली. "अरं लेकरा, एवढं कसं कळंना तुला? तिच्या मालकाचं नाव असंल त्या बैलाचं. बाईमाणूस कसं घेईल नवऱ्याचं नाव? सोड तिला."

बाईनं म्हातारीकडं बघितलं आणि नुसते डोळे मिटले. म्हणजे हो.

गोष्टीत म्हातारी नाही. मी तिला कधीच गोष्टीत घेतलं नाही.

आमच्याकडं कोणाचंही पोर सिद्धेश्वराच्या नावाचं असतं. संक्रांतीच्या, गड्ड्याच्या जत्रेत झालं की सिद्राम. पोर झालं तरी सिद्राम, खोंड झाला तरी सिद्राम. त्या बाईच्या सासूनं दोघांची नावं ठेवली असतील, एकदा मुलाचं, वीस-पंचवीस वर्षांनी खोंडाचं, आनंदानं. त्यानंतर त्या घरात जी सून आली तिला दोन्ही नावं तोंडात घ्यायची चोरी झाली. घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं. ती बैलाला चारा घालायची, पाणी दाखवायची, गोचीड काढायची. हाक मात्र मारायचा तो नवरा.

म्हातारी बोलल्यावर मला हे सगळं कळलं होतं. एका क्षणात कळलं होतं. मी सोलापूरचा, मला नाही कळणार? पण वीस-पंचवीस माणसं बघत होती. म्हातारीनं मला लेकरा म्हटलं होतं. आणि कायदा माझा होता.

मी म्हणालो, "मग मालकाला घेऊन ये. मी काय न्हाई म्हणतो?"

"उद्याच्याला लिलाव हाय न्हवं? ते लांब हाईत, अण्णा. जाऊन यायला दोन रोज लागतील."

"मग नाव घे."

ती उभी राहिली. किती वेळ उभी राहिली ते मला सांगता येणार नाही. उन्हात तिची सावली पायाखालून निघून फाटकाच्या आत आली होती. मग ती वळली आणि चालायला लागली. मंद्रूपकडं नाही. मंगळवेढ्याकडं.

त्या संध्याकाळी मी एकटा होतो. जनावरं बसली होती, रवंथ करत होती. मी स्टुलावर बसून उगाच एकेक नाव घेतलं. राजा. सर्जा. बसव्या. मल्ल्या. कोणी हललं नाही. मग हळूच म्हणालो, "सिद्राम."

पांढऱ्या बैलानं मान वळवली. बसल्या जागेवरून, रवंथ थांबवून, माझ्याकडं बघितलं. ओळखीचं माणूस आहे का ते बघितलं. नाही म्हटल्यावर पुन्हा मान फिरवली.

वहीत दोन शब्द लिहायचे होते. 'चौकशी बाकी.' एवढे लिहिले असते तर बैल पुढच्या लिलावापर्यंत राहिला असता. तो अधिकार मला होता. वही मांडीवर होती. मी वही मिटली, फाटकाला कडी घातली, घरी गेलो आणि जेवलो. काय जेवलो तेही आठवतं. तांबड्या जोंधळ्याची भाकरी आणि चटणी. दोन भाकरी खाल्ल्या.

सकाळी लिलाव झाला. त्या उन्हाळ्यात बैल जुंपायला घेणारं कोणी नव्हतं. घेणारे दोनच, हाडं आणि कातडी नेणारे. पांढरा बैल फाटकातून बाहेर गेला तेव्हा मी दुसरीकडं बघत नव्हतो. मी बघत होतो. मला वाटलं होतं, बघितलं तर आपण घाबरलो नाही असं होईल.

नाटक संपल्यावर पोरांनी खुर्च्या मांडल्या. प्रेक्षकांशी गप्पा मारायची पद्धत आहे त्यांची. आशूनं माझा हात धरून मला मधल्या खुर्चीवर बसवलं. म्हणाली, "हे माझे आजोबा. हेच ते राखणदार." टाळ्या झाल्या. कोणीतरी शिट्टीसुद्धा मारली. समीर खोट्या मिशा काढून माझ्या पाया पडला.

मागच्या पायरीवरून एक बाई उठल्या. शाळेत शिकवत असाव्यात, तसा आवाज होता. "आजोबा, मग पुढं त्या बैलाचं काय झालं?"

पन्नास वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. बारशातल्या पाहुण्यांनी नाही, माझ्या बायकोनं नाही, लेकांनी नाही. बैलाचं काय झालं? सगळे हसायचे आणि मग जेवायला बसायचे.

मला काहीही सांगता आलं असतं. दुसऱ्या दिवशी नवरा आला आणि घेऊन गेला, असं सांगितलं असतं तर आणखी टाळ्या झाल्या असत्या. तोंडाशी आलंही होतं ते. पण पाठीला तिसरी कडी टोचलेली जागा अजून दुखत होती आणि मी पहिल्यापासून अडेल माणूस. मला स्वतःचंसुद्धा ऐकायची सवय नाही.

मी म्हणालो, "मेला. मी मारला." आणि सगळं सांगितलं. म्हातारी सांगितली. संध्याकाळची हाक सांगितली. दोन भाकरी सांगितल्या. आणि जे मी माझ्या मनातही कधी पुरतं आठवू दिलं नव्हतं ते सांगितलं, की लिलावानंतर दुसऱ्या दिवशी ते दोघं आले.

नवऱ्याच्या केसांत, पापण्यांत खडीची पांढरी धूळ होती. दोघंही रात्रभर चालले होते. त्यानं मला काही विचारलं नाही. फाटकापाशी येऊन मोठ्यानं हाक मारली. "सिद्राऽम!" आत बरीच जनावरं होती. एकाचीही मान वळली नाही. त्यानं दुसरी हाक मारली. मी म्हणालो, "काल गेला." तिसरी त्यानं मारली नाही.

तो बायकोकडं वळला. मारणार असं मला वाटलं. त्यानं हात उचलला नाही. नुसतं म्हणाला, "घ्यायचं न्हाई का नाव? मी काय मरत होतो?"

आणि मग तिनं नाव घेतलं. फाटकाचे गज धरून, आत बघून, नवरा शेजारी उभा असताना. "सिद्राम! सिद्राम! सिद्राम!" तीन वेळा. माझ्या कायद्याप्रमाणं. गर्दीतलं कोणी हसलं नाही. नवऱ्यानं तिच्या खांद्याला धरून तिला तिथून नेलं, ती जाताना अजून तेच म्हणत होती, हळू हळू, सवय नसलेल्या जिभेनं.

मी बोलायचा थांबलो तेव्हा कोणीतरी उठून बाहेर गेलं. मग आणखी दोघं. प्रश्न विचारणाऱ्या बाई तशाच उभ्या होत्या, बसायचं विसरून. वैष्णवी नऊवारीतच खाली जमिनीवर बसली होती आणि माझ्याकडं बघत नव्हती.

आशूनं मला स्कूटरवरून घरी आणलं. दारात उतरल्यावर म्हणाली, "आजीला ठाव होतं?"

"न्हाई."

"मला हसत सांगितलंत तुमी. मी हसले, आबा. तुमच्या मांडीवर. ठसका लागेपर्यंत."

"व्हय."

"व्हय काय? एवढंच?"

एवढंच होतं. माफी मागायला मला कधी आलं नाही, आणि मागायची कोणाची? ती त्या बाईची होती, आशूची नव्हती. ते दोघं कुठं गेले, जगले का, मला माहीत नाही. पुढं कितीतरी वर्षं मंद्रूपच्या बाजारात गेलो की तिच्या वयाच्या बाईचं तोंड बघायचो आणि लगेच नजर काढायचो. सापडावी असं वाटायचं, सापडू नये असंही.

आठवडाभर आशू माझ्याशी बोलली नाही. जेवणाचं ताट आणून ठेवायची आणि जायची. मग एका संध्याकाळी ती पोरं माझ्या घरीच आली. आशू, समीर, वैष्णवी. प्रसंग बदलायचा ठरला होता. विनोद काढून टाकायचा, खरं घडलं ते ठेवायचं.

समीर म्हणाला, "आजोबा, रागावू नका, पण मला हे काम जमणार नाही. माझी आई येते नाटकाला. लोक माझा तिरस्कार करतील."

"करतील की."

"आपण थोडं बदलू शकतो. म्हणजे तुम्ही संध्याकाळी हाक मारता, बैल मान वळवतो आणि सकाळी तुम्ही लिलाव थांबवायला धावता. पण उशीर झालेला असतो. लोकांना काहीतरी दिलासा पाहिजे."

"मी धावलो न्हाई. मी तिथंच होतो. फाटक मीच उघडलं."

"नाटकात चालतं, आजोबा."

"पन्नास वर्षं चालवलंय मी. आता पुरे."

समीरनं आशूकडं बघितलं. तो भला पोरगा आहे. मला त्याचा राग आला नाही. दुसऱ्याचं पाप अंगावर घालून उजेडात उभं राहायचं, तेही दर शनिवारी, हे कोणाला सांगायचं? आशू म्हणाली, "मग करणार कोण?"

मी म्हणालो, "माझ्याकडं काय बघता? मी मेलोय का अजून?"

वैष्णवीनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "तुम्हाला वाक्यं पाठ होतील?"

"मुली, ती मी पन्नास वर्षांपूर्वी पाठ केलीत."

असा हा उन्हाळा चाललाय. शनिवारी संध्याकाळी मी खाकी सदरा घालतो आणि माझ्याच फाटकावर उभा राहतो. बैल आता चादरीचा नाही, बैल नाहीच. आत नुसता काळोख आहे आणि हौदात पाणी पडल्याचा स्पीकरवरचा आवाज. म्हातारीचं काम मागावर कामाला जाणारी एक बाई करते, तिला मला लेकरा म्हणताना अजून संकोच होतो. वैष्णवी येते, गज धरते, आणि गप्प उभी राहते. किती वेळ ते ठरवलेलं नाही, तिच्यावर सोपवलंय. कधी ती इतका वेळ उभी राहते की बसलेल्या माणसांचे श्वास ऐकू येतात. एका शनिवारी मागून एक गडी खरंच ओरडला, "अरं सोड की म्हाताऱ्या तिला!" नाटक आहे हे विसरून. मला ते बरं वाटलं. त्या दिवशी कोणी ओरडलं नव्हतं.

फाटकाची कडी त्या वेळी माझ्या हातात असते. खरी कडी, लोखंडी, दिवसभराच्या उन्हानं तापलेली. उचलली तर उचलली जाते. मी उचलली तर आशू काय करणार, दिवे घालवेल. वैष्णवी आत जाईल. सत्तर माणसं टाळ्या वाजवतील, उभी राहून वाजवतील, मला ठाऊक आहे. दर शनिवारी त्या क्षणाला ते माझ्या मनात येतं. दर शनिवारी.

मी कडी उचलत नाही. वैष्णवीच्या डोळ्यांत बघतो आणि म्हणतो, "नाव घे."